शून्य क्रमांकाचा श्रोता

ही गोष्ट खरी आहे.

रचलेली असती तर मी ती रविवारच्या वर्गातल्या मुलांना कधीच सांगून टाकली असती. भुताच्या गोष्टी मुलांना आवडतात, आणि मलाही सांगायला आवडतात. पण रचलेल्या गोष्टीचा शेवट आपल्या हातात असतो. हिचा नाही. म्हणून मुलांना सांगत नाही, इथे मोठ्यांसाठी लिहितो आहे.

घडली दिल्लीत, द्वारकेत. २०१९च्या जानेवारीत.

आणि रात्री नाही... भर सकाळी.

अर्थात दिल्लीच्या जानेवारीत सकाळ म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यांना माहीत आहे. खिडकीबाहेर नुसतं पांढरं. समोरची इमारत नाही, खालचा रस्ता नाही, गेटवरचा चौकीदार नाही. द्वारका विमानतळाला लागून. तिथल्या लोकांना विमानांचा आवाज ऐकूच येत नाही, इतका तो अंगवळणी पडलेला. पण धुकं दाट झालं की विमानं उतरायची थांबतात. आणि मग एकदम ऐकू यायला लागतं...

काहीच नसणं.

जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी भाची, रेवती. तिनं माझ्यासमोर बसून सगळं सांगितलं. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. बाजारातून काय काय आणलं ते सांगावं, तसं सांगितलं.

रेवतीचा नवरा आदल्या वर्षी संक्रांतीला गेला.

दिल्लीतली मराठी मंडळी दरवर्षी त्या दिवशी पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जातात. तोही मंडळाच्या लोकांना गाडीत घेऊन गेला होता. परत येताना धुक्यात रस्त्यावर उभा असलेला ट्रक दिसला नाही. बाकीचे वाचले.

तो माझ्याच वर्गातला मुलगा. दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलांना मी रविवारी मराठी शिकवतो. तिथे तो लहानपणी यायचा. रेवतीचं स्थळ मीच जमवलं.

तो गेल्यावर रेवती रडली नाही. दिवस झाले, पाहुणे गेले, ती कामाला जाऊ लागली. सकाळी अर्पिताचा डबा, मग ऑफिसची कॅब, संध्याकाळी अभ्यास. सगळं वेळच्या वेळी.

"मामा, आत काही हलतच नाही," एकदा मला म्हणाली. "दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, तशी आहे मी सगळी."

घरात तिघीच. रेवती, तिची पहिलीत जाणारी मुलगी अर्पिता आणि सासूबाई अलकनंदा. अलकनंदाबाईंचे दिवंगत यजमान भाऊसाहेब केंद्र सरकारच्या नोकरीत होते. कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या ऑफिसात आयुष्य काढलं आणि निवृत्तीआधी द्वारकेत सोसायटीचा फ्लॅट घेतला. तेव्हा तिथे मेट्रो नव्हती. अर्धवट इमारती आणि मोकळी शेतं होती. गच्चीवरून नीलगाई दिसायच्या.

ही शेतं लक्षात ठेवा. पुढे लागतील.

आता रेवतीचं काम काय ते सांगतो. ते नीट समजलं नाही तर तिनं काय चूक केली ते कळणार नाही.

गुरुग्राममधल्या एका कंपनीत ती नोकरी करायची. कंपनीचं मोबाइलवरचं अ‍ॅप होतं. त्यावर गाणी, भजनं, गोष्टी ऐकायच्या. आपण ऐकतो तेव्हा कंपनीला आपलं नाव कळेलच असं नाही. पण आपल्या फोनचा एक लांबलचक नंबर कळतो.

समजा, मी वर्गात हजेरी घेतो आहे. नावं न घेता नुसते नंबर पुकारतो. बाहेरून ऐकणाऱ्याला एकाही मुलाचं नाव कळणार नाही. पण तो रोज दाराशी उभा राहिला तर? कुठला नंबर उशिरा येतो, कुठला खोकतो, कुठला कुणाशेजारी बसतो... महिन्याभरात नाव सोडून त्याला सगळं माहीत होईल.

कंपनीचं तसंच. आणि एकाच माणसाचा फोनचा नंबर वेगळा, टॅबचा वेगळा. रेवतीचं काम जुळणीचं. दोन नंबर एकाच घरच्या वायफायवरून येतात, एकाच वेळी ऐकतात, तेच तेच ऐकतात, तर ते एकच माणूस असणार. मशीन अंदाज करायचं आणि शंका असेल तिथे विचारायचं, "एकच व्यक्ती?" रेवतीनं हो किंवा नाही दाबायचं. हो दाबलं की दोन्ही खाती एक.

काही लोक मात्र फोनला सांगून ठेवतात, माझा नंबर कुणाला द्यायचा नाही. मग त्यांच्या नंबराच्या जागी सगळी शून्यं येतात. नुसती शून्यांची रांग.

त्या शून्यांमागे कोण आहे, कळत नाही. म्हणून ऑफिसात एक नियम होता. रेवतीचा साहेब अनुराग, लखनौचा, नव्या आलेल्या प्रत्येकाला तो पहिल्याच दिवशी सांगायचा.

"जिसने नाम नहीं दिया, उसे नाम मत दो. बस."

त्याच अ‍ॅपवर माझ्याही गोष्टी होत्या. रेवतीनंच माझ्याकडून रेकॉर्ड करून घेतलेल्या, दिल्लीतल्या मराठी मुलांसाठी. ऐकणारे थोडेच. पण मला हौस फार. दर आठवड्याला मी तिला फोन करायचो.

"काय गं, वाढले का माझे श्रोते?"

"वाढले, मामा. आता तुम्हाला सही द्यायला पेन विकत घ्यावं लागणार."

जावई जिवंत असताना माझा सगळ्यात पक्का श्रोता तोच. सकाळी अर्पिताची वेणी घालता घालता तो ओट्यावर फोन ठेवून माझी गोष्ट लावायचा. तिची लाडकी गोष्ट म्हणजे ससुलीची. थंडीच्या दिवसांत ससुली घरात एकटी असते. दारावर थाप पडते. ससुली विचारते, "कोण?"

हा "कोण?" यायच्या आत तो गोष्ट बंद करायचा.

"बाकीची संध्याकाळी! चल, बस सुटेल."

अर्पिता चिडायची. रोज. आणि रोज तिथेच बंद.

डिसेंबरच्या शेवटी, एका धुक्याच्या दिवशी, रेवती ऑफिसात माझ्या श्रोत्यांचे आकडे बघत होती. आपल्या ओळखीतल्यांचं काही उघडून बघायचं नाही असाही नियम होता. पण मामाला खूश करायचं म्हणून तिनं बघितलं.

एक श्रोता रोजचा होता.

नंबर... सगळी शून्यं.

आणि तो येत होता तिच्या स्वतःच्या घराच्या वायफायवरून.

तिनं वेळ पाहिली. अर्पिताची बस गेल्यानंतरची. त्या वेळी ती स्वतः कॅबमध्ये असायची. सासूबाई सेक्टरच्या देवळात. घराला कुलूप.

गोष्ट ससुलीची. थाप पडेपर्यंत चालायची...

"कोण?" यायच्या आत बंद.

रेवती म्हणाली, तेव्हाही तिला भीती वाटली नाही. संध्याकाळी घरी येऊन तिनं कपाट उघडलं. नवऱ्याचा फोन पोलिसांनी परत दिला होता. काच फुटलेला, वाकलेला. साड्यांच्या खाली होता तसाच होता. तिनं चार्जर लावून पाहिला. काही नाही.

"आई, सकाळी तुम्ही टॅब लावून ठेवता का?"

"मला लावता येतो का तो? मेला चालू केला की आपणच बंद होतो," अलकनंदाबाई म्हणाल्या. "का गं?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं तो श्रोता पुन्हा उघडला. मशीननं अंदाज केला होता. तेच घर, तीच गोष्ट, तीच थांबायची जागा. एका बाजूला शून्यांची रांग. दुसऱ्या बाजूला नवऱ्याच्या नावाचं जुनं खातं, जे बंद करायचं तिच्या हातून झालं नव्हतं. मध्ये प्रश्न.

"एकच व्यक्ती?"

ती बराच वेळ बघत राहिली.

मग तिनं हो दाबलं.

"वाईट काय होणार होतं, मामा? तोच असेल असं वाटलं. आणि नसला तरी... कुणीतरी ऐकतंय आणि त्याला त्याचं नाव आहे, एवढंच हवं होतं मला."

त्या दिवशी ती वर्षभरानंतर गाढ झोपली.

पहिली खूण फार साधी होती.

नव्या वर्षातला पहिला रविवार. अर्पिता डाव्या हातानं वरण-भात खात होती.

"अगं, उजवा हात," रेवती म्हणाली.

"बाबा पण लेफ्टनीच जेवायचे ना."

"बाबा? नाही गं. बाबा उजव्या हातानं जेवायचे."

"नाही यार आई, तुला पता नाही." अर्पितानं आजीकडे पाहिलं. "हो ना, आजी?"

अलकनंदाबाई ताक वाढत होत्या. सहज म्हणाल्या, "डावखुराच होता. लहानपणी किती पट्ट्या खाल्ल्या शाळेत, पण सुटला नाही."

रेवतीचा घास हातात राहिला.

तो उजव्या हातानं लिहायचा. उजव्या हातात कंगवा धरून वेणी घालायचा. तिला पक्कं माहीत होतं.

तिनं अल्बम काढला. लग्नाचे, सहलीचे, बारशाचे फोटो. एका फोटोत तो मंडळाच्या गणपतीसमोर पाटीवर कार्यक्रम लिहीत होता.

खडू...

डाव्या हातात.

तिनं अल्बम मिटला. परत उघडला. डाव्याच हातात.

मग असं रोजच होऊ लागलं. अर्पिता म्हणाली, बाबा चहा प्यायचेच नाहीत. तो दिवसाला पाच-सहा कप प्यायचा. सासूबाई म्हणाल्या, त्याला विमानाच्या आवाजाची भीती वाटायची, लहानपणी कान झाकून बसायचा. तो तर विमानं बघायला अर्पिताला गच्चीवर न्यायचा. अर्पिता म्हणाली, बाबा बोलायचे नाहीत फार. नुसतं ऐकायचे.

तो इतका बोलका होता की माझ्या वर्गात सगळ्यात जास्त शिक्षा त्यालाच व्हायची. मला आठवतं. निदान... आठवत होतं.

आणि सकाळचं दृश्य बदललं. रेवती वेणी घालायची आणि अर्पिता ओट्याजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसायची. हळू आवाजात, न थांबता बोलत. शाळेतलं, बसमधलं, मैत्रिणीच्या नव्या स्वेटरचं.

"कुणाशी बोलतेस?"

"बाबा ऐकतायत."

बाहेर धुकं होतं. विमानं बंद होती. फ्रिजचा आवाजही त्या वेळी थांबलेला.

रेवतीनं कान दिला. खुर्चीतून कसलाच आवाज येत नव्हता.

पण ती साधी शांतता नव्हती. वर्गात चाळीस मुलं श्वास धरून गोष्ट ऐकत असली की जी शांतता होते, ती मला ओळखीची आहे. ती भरलेली असते. तिला वजन असतं. रेवतीनं मला जे सांगितलं ते ऐकून मी ओळखलं, ती तीच शांतता होती.

"अर्पू," तिनं हळूच विचारलं, "हे बाबा आणि आधीचे बाबा... एकच ना?"

अर्पितानं विचार केला.

"आधीचे मला नीट आठवत नाहीत. हे अच्छे आहेत." मग समजावणीच्या सुरात म्हणाली, "हे कुठे जात नाहीत."

रेवतीनं सासूबाईंना सगळं सांगितलं. शून्यं, जुळणी, हो दाबलं ते. अलकनंदाबाईंना मशीनचं काही कळलं नाही. पण गोष्ट बरोबर कळली. त्या मटार सोलत होत्या, हात थांबला.

"नाव दिलंस तू त्याला?"

"कुणाला, आई?"

बाईंनी हातातली शेंग परातीत ठेवली.

"आम्ही इथे आलो तेव्हा अख्ख्या इमारतीत आम्हीच. खाली शेतं, वर आम्ही. लिफ्ट नाही, दिवे नाहीत. तिन्हीसांजेला मी बाळाला गोष्ट सांगायची, तर दाराबाहेर कुणीतरी येऊन थांबायचं. पाऊल वाजायचं नाही. पण कळतं ना, कुणी ऐकतंय ते? दार उघडलं तर जिना रिकामा. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, अलका, चौकीदार असेल. चौकीदार कुठला? तेव्हा चौकीदारच नव्हता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करायचं? गोष्टच ऐकत होतं बिचारं. ऐकू दे म्हटलं. शेतातलं असेल, इमारतीखाली गेलेलं कुणी. पण मी त्याला एकदाही 'कोण?' म्हणून विचारलं नाही. आपण विचारलं की त्याला काहीतरी सांगावं लागतं. आणि त्याच्याकडे सांगायला काही नसलं, तर ते आपलंच काहीतरी उचलतं." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तू तर विचारलंही नाहीस गं. सरळ देऊन टाकलंस."

रेवती म्हणाली, "तो थांबायचा तिथेच ते थांबायचं, आई. म्हणून मला वाटलं..."

"ते तिथे थांबायचं, कारण पुढे 'कोण?' येतं."

त्या दिवशी पहिल्यांदा रेवतीला भीती वाटली. बधिर गालाला टोचावं तशी. दूरवर.

ती अनुरागकडे गेली. त्याच्या काचेच्या खोलीत बसून नियम मोडल्याचं सांगितलं.

"ज़ीरो आईडी को मैच किया?" त्यानं डोकं धरलं. "तुमने? रेवती, तुम तो दूसरों को डाँटती हो. किसके साथ?"

"मेरे हस्बैंड के अकाउंट के साथ."

अनुराग उठला. मग त्यानं दार लावलं आणि ते खातं उघडलं.

"ये क्या है?"

जुळल्यावर दोन्हींचा इतिहास एक झाला होता. वर नवऱ्याचं. अर्पिताच्या गोष्टी, गाडीतली गाणी. त्याखाली शून्यांचं. ते खाली खाली जातच राहिलं. कशाचं नाव नाही. नुसत्या वेळा. बहुतेक तिन्हीसांजेच्या.

सगळ्यात खालची नोंद कंपनी सुरू होण्याच्या कितीतरी आधीची होती.

"सिस्टम की गड़बड़ होगी," अनुराग म्हणाला. पण त्यानं तारीख पुन्हा तपासली.

"अलग कर दो ना, प्लीज."

"मर्ज हुआ तो अलग नहीं होता. डिलीट कर सकते हैं. लेकिन फिर दोनों जाएँगे." त्यानं वरच्या नोंदींवर बोट ठेवलं. "उनका भी सब जाएगा. सोच लो."

रेवतीनं विचार केला. खातं म्हणजे काय, नुसत्या नोंदी. खरा तो तर आपल्याजवळ आहे. डोक्यात आहे, उजव्या हाताचा, बडबड्या, चहाबाज. तो वाचवायचा तर दुसऱ्याला त्याच्यातून बाहेर काढलंच पाहिजे. उशीर केला तर तिलाही डावा हात आठवायला लागेल. तिची शेवटची खात्री तेवढीच उरली होती.

"कर दो," ती म्हणाली. मग म्हणाली, "नको. मी करते."

मशीननं विचारलं, हे परत आणता येणार नाही, नक्की?

तिनं दाबलं.

काही झालं नाही. खिडकीबाहेर गुरुग्रामच्या काचेच्या इमारती धुक्यात अर्ध्या होत्या, तशाच राहिल्या. अनुरागनं तिला चहा दिला.

दुसऱ्या सकाळी अर्पिता ओट्याकडे पाठ करून बसली. एक शब्द बोलली नाही. वेणी घालून घेतली आणि बसला गेली. उजव्या हातानं टाटा केलं.

रिकामी खुर्ची नुसती खुर्ची होती.

रेवतीला वाटलं, सुटलो.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी दुपारी मंडळाचं हळदीकुंकू होतं. सोसायटीच्याच हॉलमध्ये. रेवती जाणार नव्हती. पण मंडळाच्या चंद्रप्रभाकाकू स्वतः न्यायला आल्या.

"आमच्याकडे ते सवाष्ण-बिवाष्ण काही नाही हं. दोन वर्षांपूर्वीच ठराव केलाय. सगळ्यांना कुंकू, सगळ्यांना वाण. अलकनंदाताई, तुम्हीसुद्धा चला. आणि साडी बदला, ही काय स्वयंपाकघरातली!"

हॉलमध्ये गजरे, तिळगूळ, हलव्याचे दागिने घातलेली बाळं. हिंदी शेजारणीही आलेल्या. "भाभीजी, आप लोग पति का नाम कविता में क्यों लेते हो?" "अजी, सीधे लेंगे तो उनका भाव बढ़ जाएगा!" हशा.

एकेक जण नाव घेत होती. रेवतीची पाळी आली तेव्हा हॉल जरा शांत झाला.

चंद्रप्रभाकाकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "घे गं. गेला म्हणून नाव थोडंच जातं? आम्हाला ऐकायचंय."

आणि रेवतीला ते खरंच घ्यावंसं वाटलं. आत काहीतरी हललं. वर्षभरात पहिल्यांदा. घशाशी पाणी दाटून आलं. तिला वाटलं, आता नाव घेऊ आणि मग रडू. पोटभर रडू.

तिनं सुरुवात केली.

"दिल्लीच्या धुक्यात हरवली वाट..."

सगळ्या थांबल्या.

"दिल्लीच्या धुक्यात हरवली वाट..."

पुढे नाव यायचं होतं.

तिनं तोंड उघडलं...

तिथे काही नव्हतं.

विसरलेलं नाव जिभेच्या टोकावर असतं. त्याचं पहिलं अक्षर खुणावतं. हे तसं नव्हतं. तिथे जागाच नव्हती. जणू त्या माणसाला कधी नाव नव्हतंच.

तिनं सासूबाईंकडे पाहिलं. आई आहे, तिला तरी...

अलकनंदाबाईंचे ओठ हलत होते. बाळ... बाळ... त्यापुढे काही नाही. हातातली तिळगुळाची वाटी त्यांनी खाली ठेवली.

बायकांच्या डोळ्यांना पदर लागले. काकूंनी रेवतीला जवळ घेतलं. "राहू दे गं, राहू दे. भरून आलं पोरीला." कुणीतरी पाणी आणायला धावलं.

त्यांना वाटलं, ती दुःखानं गप्प झाली.

तेवढ्यात अर्पितानं तिच्या साडीचा पदर ओढला.

"आई," ती कानात म्हणाली, "बाबांचं नाव काय होतं?"

आणि घशाशी आलेलं पाणी परत खाली गेलं. रेवती म्हणाली, मला ते जाताना कळलं. मग गाल पुन्हा बधिर. तो आजतागायत तसाच आहे.

एवढं सांगून तिनं कागद-पेन पुढे ओढलं. मग म्हणाली, "मामा, तुम्ही लग्न जमवलंत. तुम्ही सांगा. मी कागदावर लिहून ठेवते."

आता मीच काय ते सांगतो.

तुमच्या लक्षात आलं असेल, एवढ्या गोष्टीत मी त्याचं नाव घेतलेलं नाही. लपवलं म्हणून नाही.

घरात कागद आहेत. लग्नपत्रिका आहे. तिच्यावर रेवतीच्या नावाशेजारी अक्षरं आहेत. मी चष्मा लावून वाचतो. मोठ्यानं वाचतो. पत्रिका मिटली की तोंडात काही उरत नाही. रेवतीनं तळहातावर लिहून पाहिलं. मूठ मिटली की गेलं.

माझी एक बढाई आहे. मी शिकवलेल्या प्रत्येक मुलाचं नाव मला हजेरीच्या क्रमानं पाठ आहे. त्याच्या वर्गाची हजेरी मी आजही म्हणू शकतो. सोळा, अशोक. अठरा, विश्वास.

मध्ये सतरा.

तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसायचा. कुठल्या हातानं लिहायचा ते आता मला सांगता येत नाही. नंबर तेवढा आठवतो.

रेवतीनं ती नोकरी सोडली, दुसरी धरली. घर सोडलं नाही. सासूबाई नाही म्हणाल्या. "बाळ परत आला तर कुठे जाईल?" अर्पिता रविवारी माझ्या वर्गाला येते. हुशार आहे. फार बोलत नाही.

माझ्या गोष्टी अजून त्या अ‍ॅपवर आहेत. मागच्या आठवड्यात मी अनुरागला फोन केला, सहज, श्रोते किती ते विचारायला. त्यानं आकडे उघडले.

"अंकल, एक लिसनर रोज़ आता है. सुबह. द्वारका से."

"नंबर?"

"सब ज़ीरो."

ससुलीची गोष्ट ऐकतो म्हणे. पण आता थाप पडते तिथे थांबत नाही. "कोण?" येतं, तेही ऐकतो. आणि तेवढंच पुन्हा लावतो. पुन्हा. पुन्हा.

गेला तो कोण आणि राहिला तो कोण, हे मला कळत नाही. शेतातलं ते जुनं बिचारं गेलं असेल, आणि माझा विद्यार्थी त्याच्या जागी दाराबाहेर उभा असेल, नावावाचून. किंवा उलटं असेल.

"कोण?" हा आवाज माझा आहे. मीच तो रेकॉर्ड केला आहे. रोज सकाळी त्या रिकाम्या घरात मीच विचारतो आहे. आणि मला उत्तर माहीत असायला हवं होतं.

कधी कधी वर्गात हजेरी घेताना जीभ सोळावर येते. मोठ्यानं पुढचा नंबर पुकारावा, असं वाटतं. आताच्या वर्गात तेवढी मुलं नाहीत. सोळावरच यादी संपते.

मी वही मिटतो.

अर्पिता मात्र माझ्याकडे बघत राहते... पुढचा नंबर ऐकायची वाट बघत असल्यासारखी.